आबांची गोळी, आजीचा काढा



या व्याख्यानमालेसाठी मी विषय कळवला तेव्हा संयोजकांनी एकदा फोन करून खात्री करून घेतली. ‘आजोबांची फौजेतली नोकरी’ आणि ‘घरची औषधे’ हे दोन विषय आहेत की एक, असे त्यांनी विचारले. एकच आहे, असे मी सांगितले. ते कसे, हे आज तुमच्यापुढे मांडायचे आहे.

घरगुती औषधांविषयी आपल्याकडे दोन कडवे पक्ष आहेत. एकाच्या मते सगळे ज्ञान आपल्या पूर्वजांकडे होतेच, गोऱ्यांनी ते चोरले. दुसऱ्याच्या मते आजीबाईचा बटवा म्हणजे निव्वळ अडाणीपणा. चाळीस-एक वर्षे दवाखान्यात बसल्यावर मला दोन्ही पक्ष आळशी वाटू लागले आहेत. औषध झाडातले आहे की कारखान्यातले, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. किती द्यायचे, कसे तयार करायचे, किती दिवस द्यायचे, गुण आला नाही तर कधी थांबायचे आणि हे सगळे कुठे लिहून ठेवायचे, यावर औषध औषध ठरते. थोडक्यात, माप. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हे माप माणसाला पुन्हापुन्हा लढायांनी शिकवले. त्यातल्या एका लढाईत माझे आजोबा होते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो.

आबा नेवासे तालुक्यातले. इथून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून, साठ-एक किलोमीटर. कायगाव-टोक्याला आज आपण पुलावरून भुर्रकन गोदावरी ओलांडतो; त्या काळी अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे इंग्रजी मुलूख. नदीच्या अलीकडचे लोक पलीकडे लग्ने जमवत, बाजार करत, पण फौजेत भरती व्हायचे तर नगर गाठावे लागे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले होते, प्रवरेच्या कालव्यांनी ऊस आणला होता. कालव्याच्या पाझराने डबकी आणि डबक्यांनी डास आणले होते. ‘हिवताप’ हा शब्द आमच्या गावात पाहुण्यासारखा दरवर्षी श्रावण-भादव्यात यायचा आणि दिवाळीपर्यंत मुक्काम करायचा.

हा ताप डासामुळे होतो याचा पहिला पुरावा मिळाला तो निजामाच्याच राज्यात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्याच सरकारात, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉनल्ड रॉस या लष्करी डॉक्टरने डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाचे जंतू पाहिले. हा डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावून गेला होता. दर चाव्यामागे एक आणा, असा रॉसचा आणि हुसेन खानचा सौदा होता. रॉसना १९०२ साली नोबेल मिळाले. हुसेन खानला आणे मिळाले.

रोगाचे कारण कळून पन्नास वर्षे होत आली तरी आमच्या गावात उपाय तोच होता: गुळवेल, काडेचिराईत, तुळस, सुंठ. क्वचित कोणी क्विनाइन आणायचा. तेही मुळात झाडाच्या सालीचे. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाची साल सतराव्या शतकात युरोपात पोचली, तेव्हा तीही काढा करून, दारूत भिजवून, अंदाजाने दिली जात होती. कुणाला गुण यायचा, कुणाला नाही, कारण एका झाडाच्या सालीत औषध जास्त, दुसऱ्याच्या सालीत नावाला. १८२० साली पेलेतिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी सालीतून क्विनाइन वेगळे काढले आणि मग प्रथमच ते तोलून देता येऊ लागले. पुढे डच लोकांनी जावा बेटावर सिंकोनाच्या अशा बागा उठवल्या की जगातल्या क्विनाइनचा फार मोठा वाटा, नव्वद टक्क्यांच्या आसपास, एकट्या जावातून येऊ लागला. आपल्याकडे निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे लागवड होती, पण देशाची गरज भागेल एवढी नव्हती.

मार्च १९४२ मध्ये जपानने जावा घेतले आणि क्विनाइनचा झरा आटला. त्याच वर्षी ब्रह्मदेश पडला. त्याच वर्षी आबा नगरला जाऊन भरती झाले.

नातवंडांची आजोबांविषयीची कल्पना बंदुकीपासून सुरू होते. नगर जिल्ह्यातल्याच निमजच्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्याआधी १० जुलै १९४४ रोजी कोकणातल्या यशवंत घाडगे यांना त्याच इटलीत मरणोत्तर. आबांची गोष्ट या जातीची नव्हे. ते इस्पितळी शिपाई होते. एप्रिल १९४३ मध्ये लष्करी वैद्यकाची वेगवेगळी खाती एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर उभी राहिली, तिच्यात ते गेले. कलकत्ता, मग दिमापूर, मग कोहिम्यावरून घाटाने इम्फाळ. स्ट्रेचर उचलणे, पाणी उकळणे, थर्मामीटर लावणे आणि गोळ्या वाटणे, हे त्यांचे युद्ध. त्यांनी गोळी झाडली नाही; गोळ्या वाटल्या.

त्या गोळीचे नाव मेपाक्रिन. क्विनाइन नसताना ब्रह्मदेशच्या जंगलात लढायचे कसे, हा प्रश्न या गोळीने सोडवला. ती मूळची जर्मन. बायर कंपनीने युद्धाच्या आधी शोधलेली. इंग्रजांनी ती स्वतः बनवायला घेतली. चौदाव्या सेनेचे सेनापती विल्यम स्लिम यांनी १९५६ साली ‘डिफीट इनटू व्हिक्टरी’ हे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी दिलेला १९४३चा हिशेब वाचताना मी थक्क झालो होतो. जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका सैनिकामागे आजारी पडून मागे गेलेले सैनिक एकशेवीस. हिवतापाचे प्रमाण वर्षाला एकूण सैन्याच्या ८४ टक्के. म्हणजे जपान्यांनी एकही गोळी झाडली नसती तरी ही सेना डासांनी संपवली असती.

गोळी तर मिळाली, पण शिपाई ती घेईनात. ती कडू होती. अंग पिवळे पडायचे. त्यातून एक अफवा उठली की या गोळीने माणूस नामर्द होतो. आबा ही अफवा आम्ही चांगले मोठे झाल्यावरच सांगू लागले, तेही आजी आत गेल्याची खात्री करून. युद्धानंतर त्यांना चार मुले झाली. अफवेला याहून चोख उत्तर कोणते द्यायचे?

सैन्याने यावर जे केले तो माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. रोज ठरलेल्या वेळी शिपायांची रांग लावायची. प्रत्येकाच्या तोंडात गोळी, वर पाणी, मग तोंड उघडून दाखवायचे. वहीत खूण. स्लिम यांनी त्यावर आणखी एक पेच घातला. एखाद्या पलटणीतल्या साऱ्यांची अचानक तपासणी करायची. शंभरातल्या पंच्याण्णवांपेक्षा कमी जणांनी गोळी घेतल्याचे आढळले तर शिक्षा शिपायाला नाही, पलटणीच्या साहेबाला. साहेबाची नोकरी जायची. तीनच साहेबांना घरी पाठवावे लागले, तेवढ्यात बाकीच्यांना अर्थ कळला, असे ते लिहितात. दुसरा बदल इस्पितळांत झाला. आधी तापाचा रुग्ण शेकडो मैल मागे हिंदुस्थानात जायचा आणि महिनोन्महिने परतायचा नाही. आता आघाडीच्या मागे काही मैलांवर तंबूंची हिवताप-केंद्रे उभी राहिली. रुग्ण तिथेच राहायचा, तीन-एक आठवड्यांत बरा होऊन आपल्या तुकडीत परत. आबा अशाच केंद्रावर होते. १९४५ साल उजाडले तेव्हा आजाराचे प्रमाण दिवसाला हजारी एकावर आले होते.

गोळी १९४३ सालीही होती आणि १९४५ सालीही तीच होती. बदलली ती देण्याची रीत.

समोरच्या बाजूला काय चालले होते तेही सांगायला हवे. इम्फाळ-कोहिम्याच्या लढाईत जपान्यांचे तीस हजारांच्या आसपास सैनिक मेले, आणि त्यांतल्या फार मोठ्या भागाला मारले ते भुकेने, हगवणीने, हिवतापाने. त्यांच्या बरोबर आझाद हिंद सेनेचे जवान होते, आपलीच माणसे. त्यांच्याकडे ना पुरेसे अन्न होते ना औषध. पुढे या जवानांविषयी आबांशी बोलताना लक्षात यायचे की शत्रू म्हणून त्यांचा उल्लेख त्यांनी कधीच केला नाही. ‘त्यांच्याकडे गोळ्या न्हवत्या,’ एवढेच म्हणायचे.

गोळ्या आमच्या घरीही नव्हत्या. १९४४च्या पावसाळ्यात गावात घरटी एक माणूस आडवा होता. आबांची थोरली मुलगी, माझी कधी न पाहिलेली आत्या, त्या सालात तापाने गेली. आजीने गुळवेलीचा काढा दिला, चिराईत दिले, अंगावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, उतारा केला, नवस बोलली. बाजारात क्विनाइनचा पत्ता नव्हता. होते ते काळ्या बाजारात. इम्फाळला रोज हजारोंच्या जिभेवर औषध ठेवणाऱ्या माणसाच्या मुलीला ते मिळाले नाही. पत्र आबांना पुष्कळ उशिरा पोचले.

हा दोष आजीच्या काढ्याचा म्हणून मी सांगत नाही. आपल्या घरातले कितीतरी उपचार ही निवड नव्हतीच, दुसरे काहीच मिळण्यासारखे नव्हते. त्याच सुमाराला बंगालच्या दुष्काळात वीस-तीस लाख माणसे मेली, त्यांतली फार मोठी संख्या भुकेने खंगलेल्या शरीरावर हिवतापाने घाला घातल्यामुळे. सरकारकडे औषध होते. ते सैन्यासाठी होते. आज आपण ‘पूर्वी लोक झाडपाल्यावर किती निरोगी होते’ असे कौतुकाने बोलतो तेव्हा हा हिशेब विसरतो. निरोगी होते ते म्हातारे झाले आणि आपल्याला गोष्टी सांगायला उरले. आत्या उरली नाही.

आबा १९४६ साली परतले. पदके होती, पण ती सेवेची, शौर्याची नव्हेत. पे-बुक होते, एक पांढरा एनॅमलचा मग होता आणि रांग लावायची सवय होती. घरात साथ आली की ओसरीवर सगळ्या पोरांची रांग. हातात तो मग, त्यातून आजीचाच काढा. चमच्याने मोजून द्यायचे आणि मग हुकूम, ‘तोंड उघड.’ जिभेखाली धरलेला काढा गिळल्याशिवाय सुटका नाही. मागे एक वही. कुणाला कधी ताप भरला, थंडी वाजली का, काय दिले, कधी उतरला. अक्षर शाळकरी, पण ओळी चुकत नसत.

आजीला हे आवडायचे नाही. तिचे औषधाचे माप चिमूट, मूठ आणि डोळा. एकदा दोघांची जुंपली ती आम्हा सगळ्यांना आठवते.

‘माझ्या मुठीतच माप हाये,’ आजी म्हणाली.

‘तुझ्या मुठीत हाये. सुनंच्या मुठीत केवढं मावतंय?’

आजी बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून काढ्याच्या पातेल्याशेजारी चमचा आला.

आजीच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. परंपरेत माप अजिबात नव्हते, असे म्हणता येणार नाही. बाळघुटी आठवा. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, सागरगोटा, जायफळ सहाणेवर उगाळायचे. किती? वेखंडाचा एकच वळसा, हळकुंडाचे दोन, बाळ मोठे होईल तसे वळसे वाढवायचे. जायफळ अधिक झाले तर बाळ गुंगते, हे प्रत्येक आजीला ठाऊक. म्हणजे जिथे चूक लगेच दिसते आणि जीव नाजूक असतो, तिथे आपल्या बायकांनी वयाप्रमाणे मात्रा ठरवली, मोजायची पद्धत काढली आणि ती सुनेला शिकवली. आज बाळाला घुटी देऊच नका, असे आम्ही डॉक्टर सांगतो आणि सांगायलाच हवे. सहाणेवरचे जंतू आणि कोवळे आतडे यांची गाठ बरी नव्हे. पण ती मोजण्याची बुद्धी बाकीच्या औषधांपर्यंत पोचली असती तर आपले वैद्यक कुठे असते, हा विचार मनात येतोच.

बाकीची औषधे तुम्हाला माझ्याइतकीच पाठ आहेत. लचकेवर आंबेहळद-तुरटीचा ऊन लेप. पोटात गुबारा धरला की ओवा आणि काळे मीठ. टाचेच्या भेगांना बिब्बा, आणि तो उतला की खोबरे. खोकल्याला अडुळशाची पाने भाजून काढलेला रस. मराठवाड्यातल्या घरात या सगळ्यांच्या जोडीला फळीवर ‘झिंदा तिलिस्मात’ची बाटली. हैदराबादेत १९२० साली एका हकिमांनी हे औषध बाजारात आणले आणि निजामाच्या राज्यात सर्दी, पोटदुखी, विंचू, दातदुखी, सगळ्यांवर ते चालू लागले. निलगिरीचे तेल आणि कापूर हा त्यातला मुख्य ऐवज. आमच्या गावी ते नदीपलीकडून यायचे, म्हणजे इकडूनच. आजीचा या बाटलीवर आबांच्या सगळ्या वह्यांपेक्षा जास्त भरवसा होता.

यातल्या अडुळशाने आपल्याला मान दिला आहे. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून रसायनतज्ज्ञांनी ब्रोमहेक्सिन बनवले. आज औषधाच्या दुकानात कफ पातळ करणारे जे सिरप मिळते त्यातल्या कितीतरी सिरपांत ते किंवा त्याचे भावंड असते. अडुळशाचे नाव घेताना मला संकोच वाटत नाही.

काविळीचे औषध हा मात्र वेगळा मामला आहे. आपल्या जिल्ह्यात आणि आजूबाजूला अशी गावे आहेत जिथे ठरलेल्या वारी काविळीचे औषध घ्यायला गर्दी होते. कुणी पाला देतो, कुणी गळ्यात माळ घालतो, कुणी नाकात थेंब टाकतो आणि नाकातून पिवळे पाणी गळू लागले की ‘कावीळ निघाली’ म्हणतो. आता दूषित पाण्याने होणारी साधी कावीळ ही बहुतेकांत चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. औषध घ्या, न घ्या. त्यामुळे जो देईल त्याचा हातगुण. बरा झालेला माणूस गावभर सांगतो. ज्याची कावीळ पित्तनलिकेतल्या खड्याची निघते, स्वादुपिंडाच्या गाठीची निघते किंवा जिचे यकृतच बंद पडू लागते अशी गरोदर बाई, ती माणसे प्रचाराला येत नाहीत. मी त्यांना पाहिले आहे, बहुतेक वेळा महिना वाया गेल्यावर. दगावलेल्यांची वही कोणीच ठेवत नाही, हा या औषधांचा खरा रोग आहे.

विंचवाचेही तसेच. बहुतेक दंश नुसते ठणकतात आणि दिवसभरात उतरतात, म्हणून मंत्र चालतो. पण लाल विंचू चावला आणि हृदयावर परिणाम झाला तर मंत्र चालत नाही, आणि पूर्वी इस्पितळही चालत नसे. हे कोडे सोडवले ते आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. महाडसारख्या ठिकाणी, सरकारी आरोग्य केंद्रात, रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी घाम, नाडी, रक्तदाब तासातासाने लिहून ठेवला आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन विंचूदंशावर चालते हे दाखवले. पूर्वी गंभीर रुग्णांतले पंचवीस-तीस टक्के दगावत. हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांपर्यंत खाली आले. ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आले, २०२२ साली पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या कामात सर्वांत मोठी वाटते ती गोळी नव्हे, ती रात्र-रात्र जागून केलेली नोंद.

आणि आता आणखी एक युद्ध. १९७१. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये येत होते. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, देणारे हात अपुरे. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा ठरलेल्या प्रमाणात मिसळून पुड्या केल्या आणि रुग्णांच्या आया-बहिणींच्याच हातात दिल्या: एवढ्या पाण्यात एक पुडी, पीत राहू द्या. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून साडेतीनच्या आसपास आले. अनेक डॉक्टरांना ते आधी पटले नाही. मीठ-साखरेचे पाणी, पेज, ताक हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतेच. महालनबीसांनी त्यात ग्रॅम घातले. घरी करायचे तर उकळून गार केलेले एक लिटर पाणी, साखरेचे सहा सपाट चमचे, मिठाचा सपाट अर्धा चमचा. मीठ वाढले तर मुलाला अपाय, साखर वाढली तर जुलाब वाढतात. सपाट म्हणजे सपाट. आबांना हे फार आवडले असते. २०२३ साली महालनबीसांना पद्मविभूषण जाहीर झाले, तेव्हा ते हयात नव्हते.

तिसरे उदाहरण चीनचे, कारण ते काढ्याशी थेट भिडते. व्हिएतनामच्या जंगलात सैनिक हिवतापाने मरू लागले, तेव्हा २३ मे १९६७ रोजी चीनने गुप्त मोहीम सुरू केली. तू यूयू या संशोधिकेने जुन्या ग्रंथांतल्या शेकडो वनस्पती तपासल्या. आपल्या दवण्याच्या गोतातली एक वनस्पती कधी गुण दाखवी, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात तिला दिसले की पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितला आहे. उकळायला सांगितलेले नाही. तिने कमी तापमानाला अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हाती आले. काढा केला असता तर औषध पातेल्यातच नासले असते. २०१५ साली तिला नोबेल मिळाले. आज गंभीर हिवतापावर जगभर यापासूनच बनवलेले औषध पहिले दिले जाते, आपल्या घाटी इस्पितळातसुद्धा.

म्हणून ‘आमच्याकडे गुळवेल आहेच की’ असे कोणी म्हणाले की मी विचारतो: कोणती, किती, किती दिवस? करोनाच्या लाटेत या शहरात कुंपणावरची एकही वेल शिल्लक राहिली नव्हती. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली; ती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हा वाद झाला. वादात कोणाचे बरोबर हे बाजूला ठेवू. औषध म्हणून गिळलेली वेल कोणती हेच जिथे नक्की सांगता येत नाही, तिथे ‘नैसर्गिक आहे, अपाय होत नाही’ हे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आमच्या गावचा हिवताप पुढे गेला तो काढ्याने नाही आणि गोळीनेही नाही. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीवाले गावोगाव फिरले, भिंतींवर फवारणीच्या तारखा खडूने लिहून गेले. डीडीटीचा उपयोगही आधी सैन्यानेच मोठ्या प्रमाणावर केला होता. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण होते असा अंदाज होता. १९६५च्या सुमाराला ते लाखभरावर आले. मग यश आले म्हणून ढिलाई आली आणि १९७६ साली आकडा पुन्हा चौसष्ट लाख. रांग मोडली की ताप येतो.

आजच्या घरातला बटवा वेगळा आहे. त्यात वेखंड नाही. प्लास्टिकच्या डब्यात कापलेल्या पट्ट्या आहेत. दोन गोळ्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या, तीन कोणत्या तरी स्टेरॉइडच्या, एक शेजाऱ्यांना लागू पडली म्हणून आणलेली. ताप उतरला की कोर्स सोडायचा आणि उरलेले पुढच्या तापाला ठेवायचे. याला मी आधुनिक वैद्यक म्हणायला तयार नाही. हे आजीच्या मुठीपेक्षा वाईट आहे, कारण आजीच्या मुठीला निदान तीस वर्षांचा सराव होता, आणि गुळवेल अर्धवट दिल्याने गावातले जंतू औषधाला निर्ढावत नव्हते.

आता माझी विनंती. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी घरांत कोणीतरी फौजेत होते. मराठा पलटणीत, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये, निजामाच्या फौजेत, किंवा आबांसारखे इस्पितळात. त्यांचे पे-बुक, डिस्चार्जचा कागद, पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर यांचे फोटो काढा आणि घरातल्या जिवंत माणसांकडून गाव, पलटण, वर्षे लिहून घ्या. त्याच वहीच्या मागच्या बाजूला घरातली औषधे लिहा: कोणत्या झाडाचा कोणता भाग, किती, उकळून की भिजवून, कुणाला दिले. आणि ज्यांना गुण आला नाही त्यांचीही नावे लिहा. विद्यापीठाच्या इतिहास आणि वनस्पतिशास्त्र विभागांनी, आणि घाटीतल्या तरुण डॉक्टरांनी, या वह्या मागून घ्याव्यात. झाड ओळखणारा, कागद वाचणारा आणि रोग ओळखणारा असे तिघे एका टेबलाशी बसले तर मराठवाड्याचा असा इतिहास हाती येईल, जो आज कुठल्याच दप्तरात नाही.

तोवर एवढे करा. थंडी वाजून ताप आला तर काढा हवा तर प्या, पण त्याच दिवशी बोटातून रक्त काढून तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते.